पासपोर्टावरील विनंती आणि राज्याचे दायित्व

भारतीय पासपोर्टात राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंती छापलेली असते. पासपोर्टधारकास निर्वेधपणे जाऊ द्यावे आणि त्याला गरज पडेल ते साहाय्य व संरक्षण द्यावे, अशा आशयाची ती विनंती सर्व संबंधितांना उद्देशून केलेली असते. ज्या राज्याने ही विनंती केली, त्या राज्याने स्वतः या नागरिकासाठी काय करावयाचे, याचा मात्र त्या पानावर उल्लेख नाही. आणि पासपोर्ट मिटून कायद्याचे पुस्तक उघडले, तरी तेथेही स्पष्ट उत्तर सापडत नाही. पासपोर्ट कोणास द्यावा, कोणास नाकारावा आणि कोणत्या कारणासाठी जप्त करावा, हे १९६७ चा पासपोर्ट कायदा तपशिलाने सांगतो. परदेशात अडचणीत सापडलेल्या पासपोर्टधारकाला भारतीय वकिलातीकडून कोणती मदत हक्काने मागता येईल, याविषयी तो मौन बाळगतो.

परदेशगमन हा मूठभर श्रीमंतांचा आणि विद्वानांचा विषय होता तोपर्यंत हे मौन फारसे कोणाला जाणवले नाही. आता तशी स्थिती उरलेली नाही. मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहावयास जाणारे निवृत्त शिक्षक, वैद्यकीय शिक्षणासाठी पूर्व युरोपात जाणारी मध्यमवर्गीय घरांतील मुले, जहाजांवर काम करणारे गोव्याचे व कोकणाचे खलाशी, आणि आखाती देशांत गवंडी, सुतार, वाहनचालक वा घरकामगार म्हणून राबणारे लक्षावधी लोक, हे सारे आज हाच पासपोर्ट खिशात घेऊन जातात. त्यांच्यापैकी कोणावर केव्हा प्रसंग येईल हे सांगता येत नाही. अशा वेळी मिळणारी मदत ही सरकारची मेहरबानी आहे की नागरिकाचा हक्क, हा प्रश्न म्हणूनच आता केवळ परराष्ट्र खात्याचा राहिलेला नाही.

वकिलातीचे दुसरे काम

वकिलात म्हटली की राजदूत, मेजवान्या आणि वाटाघाटी असे चित्र सामान्य वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. हे तिचे एक काम झाले. राजदूत हा एका सरकारचा दुसऱ्या सरकारशी बोलणारा प्रतिनिधी असतो. परक्या भूमीवर वावरणाऱ्या आपल्या नागरिकांची विचारपूस करणारा अधिकारी निराळा. त्याला इंग्रजीत कॉन्सल आणि मराठीत वाणिज्यदूत म्हणतात. या मराठी शब्दात ‘वाणिज्य’ का आले, याचे कारण इतिहासात आहे. मध्ययुगात भूमध्य समुद्राच्या काठच्या बंदरांत इटालियन आणि कॅटलान व्यापारी वस्ती करून राहत. आपापसांतील तंटे सोडविण्यासाठी आणि स्थानिक सत्तेपुढे गाऱ्हाणे मांडण्यासाठी ते आपल्यातीलच एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाला कॉन्सल नेमीत. पुढे ही नेमणूक राजांनी आणि सरकारांनी आपल्या हाती घेतली, तरी परदेशातील आपल्या माणसाच्या मदतीला असलेला माणूस हा त्या पदाचा मूळ अर्थ कायम राहिला.

या पदाची आजची चौकट ठरली ती २४ एप्रिल १९६३ रोजी व्हिएन्ना येथे मंजूर झालेल्या कराराने. तो १९६७ साली अमलात आला आणि भारत १९७७ साली त्यात सामील झाला. कराराच्या पाचव्या कलमात वाणिज्यदूताच्या कामांची यादीच दिलेली आहे. पासपोर्ट देणे, कागदपत्रे साक्षांकित करणे, जन्ममृत्यूची नोंद ठेवणे, अज्ञान मुलांच्या हिताकडे लक्ष देणे, मृत नागरिकाच्या वारसांचे हित जपणे, अडचणीत सापडलेल्यास साहाय्य करणे, अशी ती कामे आहेत.

त्यांपैकी कित्येक वरवर किरकोळ वाटतात. ज्याला ती लागतात त्याला मात्र ती किरकोळ नसतात. भारतीय आईबापांच्या पोटी परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षाच्या आत वकिलातीत केली नाही, तर त्याच्या नागरिकत्वाचा प्रश्न अडून बसतो. परदेशी मुक्कामात असलेल्या निवृत्तिवेतनधारकाला हयातीचा दाखला तेथील वकिलातीतून घेता येतो. तो वेळेवर गेला नाही तर येथे बँकेत निवृत्तिवेतन थांबते. पासपोर्ट हरवलेल्या प्रवाशाला मायदेशी परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र मिळते. दोघा भारतीयांना किंवा एका भारतीयाला परदेशात विवाह करावयाचा असेल, तर १९६९ च्या परदेशी विवाह कायद्यानुसार तो वकिलातीतील विवाह अधिकाऱ्यापुढे करता येतो.

या अधिकाराच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. वाणिज्यदूत कोणाला तुरुंगातून सोडवून आणू शकत नाही, परक्या न्यायालयात वकीलपत्र घेऊन उभा राहू शकत नाही, गुन्ह्याचा तपास करू शकत नाही, किंवा प्रवाशाचे हॉटेलाचे बिलही भरत नाही. यजमान देशाचे सार्वभौमत्व मान्य करूनच त्याला वागावे लागते. या मर्यादा ठाऊक नसल्यामुळे वकिलातीबद्दल अनेकदा अवास्तव अपेक्षा बाळगल्या जातात आणि पुढे अवास्तव रागही धरला जातो. परंतु मर्यादा आहेत म्हणून कर्तव्य नाही, असा अर्थ कोणी काढू नये.

कोठडीच्या दारापाशी

व्हिएन्ना कराराचे सर्वांत महत्त्वाचे कलम छत्तिसावे. परदेशी नागरिकास अटक झाली, तर आपल्या वकिलातीस कळविण्याचा हक्क तुला आहे, असे त्याला विनाविलंब सांगितले पाहिजे. त्याची इच्छा असेल तर वकिलातीस कळविले पाहिजे. आणि वकिलातीच्या अधिकाऱ्यास त्याची भेट घेऊ दिली पाहिजे, असे हे कलम सांगते. त्याचे मोल महाराष्ट्राला कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात प्रत्यक्ष दिसले. मार्च २०१६ मध्ये पाकिस्तानने त्यांना अटक केली. भारताने वारंवार मागणी करूनही भेट नाकारण्यात आली आणि एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना देहान्ताची शिक्षा सुनावली. भारत हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. तेथे हरीश साळवे यांनी भारताची बाजू मांडली. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने पंधरा विरुद्ध एक अशा बहुमताने पाकिस्तानने छत्तिसाव्या कलमाचा भंग केल्याचा निर्णय दिला. सुटकेचा आदेश न्यायालयाने दिला नाही. परंतु शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा आणि तो होईपर्यंत शिक्षेची अंमलबजावणी करू नये, असे बजावले. त्यानंतर सप्टेंबर २०१९ मध्ये भारतीय अधिकाऱ्यास त्यांची भेट मिळाली. साडेतीन वर्षे बंद राहिलेले दार एका कलमाच्या बळावर किलकिले झाले.

याच कलमाखाली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने यापूर्वी २००१ साली जर्मनीच्या आणि २००४ साली मेक्सिकोच्या तक्रारीवरून अमेरिकेसही दोषी धरले होते. जर्मनीच्या प्रकरणातील निकालाचे वैशिष्ट्य असे की, छत्तिसाव्या कलमाने केवळ राज्यांना नव्हे, तर अटक झालेल्या व्यक्तीलाही हक्क दिले आहेत, असे न्यायालयाने सांगितले. हा हक्क अटक करणाऱ्या देशाविरुद्धचा आहे, हे मात्र विसरता कामा नये. स्वदेशाच्या वकिलातीस कैद्याला भेटण्याचा अधिकार हे कलम देते. भेटलेच पाहिजे असे बंधन ते घालीत नाही. ते बंधन घालावयाचे तर ते प्रत्येक देशाने आपल्या कायद्याने घातले पाहिजे, आणि तेथेच आपल्याकडे पोकळी आहे.

ही पोकळी कोठे जाणवते, हे पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीवर गेल्यास कळते. डहाणू, तलासरी या भागांतील गरीब आदिवासी गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात सीमारेषा आखलेली दिसत नाही. बोट भरकटली की पाकिस्तानी सागरी पहारेकरी ती पकडतात आणि हे लोक कराचीच्या तुरुंगात जाऊन पडतात. भारत आणि पाकिस्तान यांच्यात २००८ साली वाणिज्यदूतांच्या भेटीविषयी करार झाला. त्यानुसार दरवर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी दोन्ही देश एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. अटकेनंतर तीन महिन्यांत भेट, आणि शिक्षा संपून नागरिकत्वाची खात्री पटल्यावर महिन्याभरात सुटका, अशी तरतूद त्यात आहे. प्रत्यक्षात शिक्षा संपल्यावरही मच्छीमार तेथेच खितपत पडल्याची उदाहरणे वारंवार घडली आहेत. याचा दोष पाकिस्तानकडे आहेच. परंतु नागरिकत्वाची खात्री पटविण्याचे कागद कराचीत तयार होत नाहीत. ते गावच्या ग्रामपंचायतीतून, पोलीस ठाण्यातून आणि तहसील कचेरीतून निघतात. तेथे फाईल एक महिना पडून राहिली, तर एक माणूस एक महिना अधिक तुरुंगात राहतो. वाणिज्यदूताच्या सेवेची साखळी तालुक्याच्या कचेरीपासून सुरू होते, हे त्या कचेरीत बसणाऱ्यांनाही कित्येकदा ठाऊक नसते.

परकीय चलन आणते कोण?

परदेशातील नागरिकांनी घरी पाठविलेल्या पैशाच्या बाबतीत भारत जगात पहिला आहे. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४ साली ही रक्कम सुमारे १२९ अब्ज डॉलर होती. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये या ओघाचा सुमारे वीस टक्के वाटा महाराष्ट्रात आला आणि त्याने केरळलाही किंचित मागे टाकले. अमेरिका, इंग्लंड आदी प्रगत देशांतून येणाऱ्या पैशाचे प्रमाण वाढले असले, तरी आखाती देशांचा वाटा याच पाहणीत सुमारे ३८ टक्के होता. व्यापारातील तूट भरून काढण्यास या पैशाची केवढी मदत होते, हे अर्थशास्त्राचा कोणताही विद्यार्थी सांगू शकेल. कर्जाचे व्याज द्यावे लागते, परकीय भांडवलाला नफा न्यावासा वाटतो. घरी पाठविलेल्या पैशाला यांपैकी काहीच द्यावे लागत नाही.

पण हे चलन आणणाऱ्यांना वकिलातीची गरज सारखी नसते, आणि ती मिळण्याची शक्यताही सारखी नसते. अमेरिकेतील संगणक अभियंत्याला इंग्रजी येते, त्याच्याकडे वकील करण्याइतका पैसा असतो आणि कचेरीत जाण्यासाठी रजा मिळते. आता रत्नागिरी जिल्ह्यातून सौदी अरेबियात दम्मामला गेलेल्या एखाद्या सुताराची कल्पना करावी. त्याचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेतलेला असू शकतो. तेथील परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. कफाला या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत अलीकडच्या वर्षांत अनेक देशांनी सैल केली असली, तरी तिचा वर्षानुवर्षांचा वचक एका फर्मानाने नाहीसा होत नाही. पगार थकला म्हणून त्याने काम सोडले, तर तो पळून गेल्याची नोंद मालक करू शकतो, आणि तक्रारदार स्वतःच आरोपी होतो. भारतीय वकिलात आहे रियाधला, म्हणजे सुमारे चारशे किलोमीटर दूर. ठरावीक दिवशी वकिलातीचे अधिकारी दूरच्या शहरांत जाऊन बसतात, हे खरे. परंतु त्या दिवसाची वार्ता त्याच्या छावणीपर्यंत पोचली पाहिजे आणि त्या दिवशी त्याला सुटी मिळाली पाहिजे. सेवेचे शुल्क नाममात्र असले, तरी सेवेपर्यंत पोचण्याची किंमत गरिबालाच जास्त पडते. रोजंदारी बुडते, प्रवासखर्च होतो आणि मालकाची गैरमर्जी ओढवते. त्यामुळे ज्याला गरज अधिक, त्याच्या पदरात सेवा कमी पडते.

२०१६ साली सौदी अरेबियातील काही मोठ्या बांधकाम कंपन्या डबघाईस आल्या, तेव्हा हे चित्र साऱ्या देशाने पाहिले. हजारो भारतीय कामगार महिनोन्‌महिने पगाराविना छावण्यांत अडकले. जेद्दा येथील भारतीय वाणिज्य दूतावासाने आणि तेथील भारतीयांनी त्यांना शिधा पोचविला, आणि परराष्ट्र राज्यमंत्र्यांना जातीने तेथे जावे लागले. पुष्कळ जण परतले. ही कामगिरी मोलाचीच होती. तथापि परतणाऱ्या कामगारापुढे मोठा पेच असतो. तेथे राहावे तर खायला नाही, आणि निघून यावे तर थकलेल्या पगाराचा दावा कोण चालविणार? महिनोन्‌महिन्यांच्या घामाचा पैसा परक्या न्यायालयाच्या दारात सोडून येणे, याला सुटका म्हणावे लागते ही खेदाची गोष्ट आहे. वास्तविक कामगाराकडून मुखत्यारपत्र घेऊन त्याचा दावा पुढे चालविण्याची कायमची व्यवस्था वकिलातींमार्फत करता येण्यासारखी आहे. अशी व्यवस्था हक्क म्हणून सर्वत्र उपलब्ध असेल, तर पगार बुडविणाऱ्या मालकाचा हिशेबच बदलेल.

संकटातील तत्परता आणि नित्याची दिरंगाई

मोठे संकट आले की भारतीय राज्ययंत्रणा जी धडाडी दाखविते, ती नाकारणे अन्यायाचे होईल. १९९० साली इराकने कुवेत व्यापल्यावर एक लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे विमानाने परत आणण्यात आले. २०१५ साली येमेनच्या युद्धातून साडेचार हजारांहून अधिक भारतीयांची, आणि त्यांच्याबरोबर ४१ देशांच्या नऊशेहून अधिक परकीयांचीही, सुटका करण्यात आली. २०२२ साली युक्रेनमधून सुमारे साडेबावीस हजार नागरिक परतले. त्यांत वैद्यकीय विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता. १२ जून २०२४ रोजी कुवेतमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागून ४५ भारतीय मृत्युमुखी पडले, तेव्हा दोनच दिवसांत हवाई दलाच्या विमानाने त्यांचे मृतदेह मायदेशी आणले.

तत्परतेची ही उदाहरणे अभिमानास्पद आहेत. पण ती अपवादात्मक परिस्थितीतील आहेत. वर्तमानपत्रात नाव न येता एकटाच मरणारा कामगार या हिशेबात कोठे बसतो? त्याचा मृतदेह घरी आणावयाचा, तर स्थानिक मृत्यूचा दाखला, पोलिसांचा अहवाल, वारसांचे संमतिपत्र, पासपोर्ट रद्द केल्याची नोंद, वकिलातीचे ना-हरकत पत्र, शवलेपनाचा दाखला आणि विमान कंपनीची व्यवस्था असे अनेक टप्पे पार पाडावे लागतात. मालक जबाबदार असेल तर हे काम काही दिवसांत होते. तो टाळाटाळ करू लागला, किंवा मृत्यू संशयास्पद असला, की आठवड्यांवर जाते. कोकणातल्या एखाद्या घरी अंत्यसंस्कार खोळंबलेला असतो आणि संमतिपत्रावर कोणाची सही लागते, हे सांगणारा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी भेटत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘मदद’ या संगणकीय तक्रार व्यवस्थेमुळे तक्रारीचा मागोवा घेणे सोपे झाले, हे मान्य केले पाहिजे. मात्र तक्रारीची नोंद होणे आणि तिचे निवारण ठरावीक मुदतीत होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

पैसा कोणाचा?

या सेवेवरचा खर्च करदात्यांनी का सोसावा, असा आक्षेप कधी कधी घेतला जातो. त्याचे उत्तर आकड्यांच्या मागे दडलेले आहे. अडलेल्या भारतीयांना तात्पुरता निवारा, विमानाचे तिकीट, निकडीचा औषधोपचार, कायदेविषयक साहाय्य आणि मृतदेह पाठविण्याचा खर्च देण्यासाठी २००९ साली भारतीय समुदाय कल्याण निधी स्थापन झाला. आरंभी तो कामगारांचा ओघ मोठा असलेल्या देशांपुरता होता. पुढे सर्व वकिलातींना लागू झाला आणि २०१७ साली त्याचे नियम अधिक उदार करण्यात आले. या निधीत मुख्यतः जो पैसा जमतो, तो परदेशातील भारतीयांनी पासपोर्ट आदी सेवा घेताना भरलेल्या छोट्या जादा शुल्कातून. अर्थशास्त्राच्या भाषेत हा परस्पर विम्याचा प्रकार झाला. अनेकांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला त्यातून मिळावे. कमी शिकलेल्या कामगारांना परदेशी जाण्यापूर्वी जो प्रवासी भारतीय विमा २००३ पासून सक्तीचा करण्यात आला, त्याचा हप्ताही विमा घेणाराच सोसतो. विम्याचा हप्ता भरलेल्या माणसाने भरपाई मागितली, तर त्याला कोणी याचक म्हणत नाही. मग कल्याण निधीतील साहाय्य मात्र अधिकाऱ्याच्या मर्जीवर आणि ‘अत्यंत गरजू’ या शब्दांच्या अर्थावर का अवलंबून असावे?

हक्क दिला की त्याचा गैरफायदा घेतला जाईल, उनाडपणे धोका पत्करणारे प्रवासीही सरकारच्या गळ्यात पडतील, ही शंका अगदीच निराधार नाही. जर्मनीने १९७४ च्या आपल्या वाणिज्यदूतविषयक कायद्यात तिचे उत्तर दिले आहे. संकटातील नागरिकास साहाय्य करण्याचे काम त्या कायद्याने अधिकाऱ्यांवर सोपविले, आणि ज्याला ऐपत आहे त्याच्याकडून खर्च परत घेण्याची तरतूदही केली. सर्वच देशांनी इतकी मजल मारलेली नाही. इंग्लंडमध्ये न्यायालयाने २००२ साली असा हक्क थेट मान्य केला नाही. सरकारने जाहीर केलेल्या धोरणानुसार विचार व्हावा एवढीच रास्त अपेक्षा नागरिकाला बाळगता येते, असे म्हटले. दक्षिण आफ्रिकेच्या घटनापीठाने २००४ साली थोडे पुढे जाऊन, नागरिकाला मदतीची विनंती करण्याचा हक्क आहे आणि सरकारवर तिचा विचार करण्याचे बंधन आहे, असा निर्वाळा दिला. भारताशी अधिक तुलना होऊ शकेल अशा फिलिपाइन्सचा धडा सर्वांत बोलका आहे. सिंगापुरात घरकाम करणाऱ्या एका फिलिपिनो स्त्रीला मार्च १९९५ मध्ये फाशी देण्यात आली, तेव्हा त्या देशात संतापाची लाट उसळली आणि त्याच वर्षी परदेशस्थ कामगारांच्या संरक्षणाचा व्यापक कायदा संमत झाला. कामगारांच्या कायदेविषयक साहाय्याची आणि वकिलातींतील कामगार अधिकाऱ्यांची जबाबदारी त्यात नमूद करण्यात आली.

गोखल्यांचा वारसा

परदेशी गेलेल्या भारतीय मजुराची चिंता ही या भूमीला नवी नाही. फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन केलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० साली केंद्रीय विधिमंडळात नाताळला करारबद्ध मजूर पाठविणे थांबवावे असा ठराव मांडला आणि तो मान्य झाला. १९१२ साली त्यांनी ही पद्धतच समूळ बंद करावी असा ठराव आणला. तो तेव्हा फेटाळला गेला, परंतु पाचच वर्षांत सरकारला ती भरती थांबवावी लागली. पुढे १९२२ चा स्थलांतर कायदा आला आणि त्याची जागा १९८३ च्या कायद्याने घेतली. १९८३ च्या कायद्याचा रोख मुख्यतः भरती करणाऱ्या दलालांवर आणि निघण्यापूर्वीच्या परवानगीवर आहे. मजूर विमानतळावरून निघाला की त्या कायद्याची नजर अंधूक होते. २०२१ साली नव्या कायद्याचा मसुदा जनतेपुढे ठेवण्यात आला. पण परदेशातील साहाय्य हा नागरिकाचा हक्क असावा, ही मागणी सार्वजनिक चर्चेच्या केंद्रस्थानी अद्याप आलेली नाही.

ती येत नाही याचे एक कारण राजकीय आहे. २०१० च्या दुरुस्तीने परदेशस्थ नागरिकाचे नाव मतदारयादीत येऊ लागले, परंतु मत देण्यासाठी त्याने स्वतः मायदेशी येऊन मतदानकेंद्रावर हजर झाले पाहिजे अशी अट राहिली. दम्मामच्या सुताराला हे कसे परवडावे? ज्याला मत देता येत नाही, त्याच्या गाऱ्हाण्याची दखल घेण्याची निकड प्रतिनिधींना वाटत नाही.

गोव्यात हा प्रश्न निराळे वळण घेतो. पोर्तुगीज राजवटीतील जन्माच्या आधारे पोर्तुगालचे नागरिकत्व घेणाऱ्यांची संख्या तेथे मोठी आहे. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. परके नागरिकत्व पत्करणारा भारतीय वकिलातीच्या संरक्षणालाही मुकतो, आणि नंतर मिळविलेल्या परदेशस्थ भारतीयाच्या कार्डाने ते परत मिळत नाही. पासपोर्ट बदलताना व्हिसाची सोय पाहिली जाते. संकटकाळी आपल्यामागे कोणते राज्य उभे राहील, हा विचारही तेवढाच आवश्यक आहे.

काय करावयास हवे?

पहिली गोष्ट म्हणजे संसदेने वाणिज्यदूतीय साहाय्याचा कायदा करावा. कैद्याची भेट, मृतदेहाची रवानगी, आपत्कालीन प्रमाणपत्र आणि वेतनाची तक्रार, एवढ्या चार बाबी तरी मुदतीसह त्यात हक्क म्हणून नमूद असाव्यात. मदत नाकारली तर कारण लेखी द्यावे आणि त्यावर अपिलाची सोय असावी. ऐपतदाराकडून खर्च वसूल करण्याची तरतूद जर्मनीप्रमाणे ठेवता येईल. दुसरे, ज्या देशांत कामगारांची संख्या मोठी आहे तेथे त्या प्रमाणात कामगार अधिकारी आणि त्यांच्या भाषा जाणणारे कर्मचारी नेमावेत. तिसरे, राज्य सरकारांनी आपला वाटा उचलावा. केरळने १९९६ सालीच अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र खाते उघडले. परदेशातून येणाऱ्या पैशात आज त्याच्या बरोबरीला असलेल्या महाराष्ट्राने जिल्हाधिकारी कचेरीत या कामासाठी एक जबाबदार माणूस नेमणे, ही फार मोठी मागणी नव्हे. चौथे, परदेशस्थ नागरिकाला तो असेल तेथून मत देण्याची सोय करावी.

नागरिकानेही काही पथ्ये पाळावयास हवीत. परदेशी पोचताच वकिलातीत नाव नोंदविणे, पासपोर्टाची आणि नोकरीच्या कराराची प्रत घरी ठेवून जाणे, नोंदणीकृत दलालाखेरीज कोणाच्या हाती पैसे न देणे, एवढ्याने पुष्कळ अनर्थ टळतात. शाळेतील शिक्षकाला, ग्रामपंचायतीतील लिपिकाला आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्याला ही माहिती आपल्या गावात सहज पसरविता येईल. कारण परदेशी निघालेला माणूस अर्ज लिहून घेण्यासाठी आधी त्यांच्याकडेच येतो.

राष्ट्रपतींच्या नावाने जगाला विनंती करणाऱ्या राज्याने तीच जबाबदारी आधी स्वतःवर कायद्याने घालून घ्यावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. परकीय चलनाच्या जमाखर्चात ज्यांच्या श्रमाची नोंद दरवर्षी अभिमानाने केली जाते, त्यांच्या हक्काची नोंद कायद्याच्या पुस्तकात करण्यास आणखी विलंब लावणे कोणत्याही हिशेबाने समर्थनीय ठरणार नाही.